घाणेरीचं रान

घाणेरीचा एखादा गुच्छ जवळून पाहिला तर मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी, नारिंगी किंवा लाल दिसतात. या झुडपाला दोन रंगांची फुलं येतात, असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर त्यातलं प्रत्येक फूल पिवळंच उमललेलं असतं. गुच्छ कडेकडून आत उमलत जातो, आणि फूल जुनं होईल तसा त्याचा रंग बदलतो. म्हणजे कडेची फुलं कालपरवाची आणि मधली आजची.

ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले जर्मन निसर्ग-अभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी १८७७ साली 'नेचर' या नियतकालिकात याच गोष्टीची नोंद केली. त्यांच्याकडचं फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी नारिंगी आणि तिसऱ्या दिवशी जांभळं होत होतं. फुलपाखरं पिवळ्या फुलांवर गर्दी करत, नारिंगी फुलांवर थोडीफार बसत आणि जांभळ्यांकडे ढुंकूनही बघत नसत. मग मध संपलेली ही फुलं झाड सांभाळून का ठेवतं? म्युलर यांचा तर्क असा, की गुच्छ मोठा दिसला म्हणजे तो लांबून नजरेत भरतो. जवळ आल्यावर कुठे सोंड घालायची ते रंग सांगतो. पुढे दिल्ली विद्यापीठात ह. य. मोहन राम आणि गीता माथुर यांनी घाणेरीच्या फुलांचा बारकाईने अभ्यास केला. रंगाचा हा बदल परागीभवन झाल्यावर सुरू होतो, आणि परागकण वाहून नेण्याच्या कामात फुलपाखरांइतकेच फुलकिडेही असतात, असं त्यांना आढळलं. फुलकिडा म्हणजे तोच, ज्याच्या नावाने मिरची आणि कांद्याचा शेतकरी बोटं मोडतो.

मधाने किडे यायचे, फळांनी पाखरं यायची. तिसरं गिऱ्हाईक मिळालं ते माणूस, आणि घाणेरीला सगळ्यात लांब पोहोचवली ती त्यानेच.

शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण प्रदेश. सतराव्या शतकात डचांनी ती युरोपात नेली. तिथल्या थंडीत ती काचेच्या घरात आणि कुंड्यांत राहिली, कारण हिम तिला सोसत नाही. बागवानांनी मात्र वेगवेगळ्या जातींचे संकर करून तिचे शेकडो वाण तयार केले. कुणाचं फूल पांढरं, कुणाचं जर्द लाल, कुणाला काटे कमी, कुणाला जास्त. हेच संकरित वाण मग जहाजांतून वसाहतींमध्ये गेले. भारतात ती १८०७च्या सुमारास कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचं झुडूप म्हणून आली. साहेबांच्या बंगल्यांभोवती कुंपणाला ती सोयीची होती. जनावरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, छाटली तर आणखी दाट होते आणि वर्षातला बराच काळ फुलं. कुंपणात जे गुण म्हणून मोजले गेले, तेच पुढे जंगलात नडले.

आज आपल्या रानात दिसणारी घाणेरी अमेरिकेतल्या रानाची सरळ वंशज नाही. ती त्या बागांमधल्या खिचडीतून निघालेली आहे. हा तपशील पुढे कामाला येईल.

तिच्या प्रवासातला सगळ्यात मासलेवाईक किस्सा हवाई बेटांवरचा आहे, आणि त्यात एक भारतीय पात्र आहे. विल्यम हिलब्रँड नावाच्या जर्मन डॉक्टरला बागेचा भारी नाद. १८५८ साली त्याने घाणेरी हवाईत आणली. काही वर्षांनी बेटांवरच्या कुरणांना लष्करी अळीचा उपद्रव झाला, तेव्हा १८६५ साली अळ्या खायला म्हणून याच डॉक्टरने भारतातून साळुंक्या मागवल्या. साळुंकीने अळ्या खाल्ल्याच, पण घाणेरीची काळी गोड फळंही तिला पसंत पडली. बी तिच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडायचं, तेही दूर कुठेतरी, खतासकट. एका माणसाने दोन खंडांतून दोन जीव आणून एकमेकांशी गाठ घालून दिली, आणि हवाईच्या गुरचरणी काटेरी जाळ्यांनी भरल्या. महाराष्ट्रात हे काम साळुंकीबरोबर बुलबुल करतो. शेताच्या बांधावरचा बोराचा, बाभळीचा नाहीतर कडुनिंबाचा बुंधा पाहावा. पाखरं वर बसतात आणि खाली घाणेरीची रोपं हटकून उगवलेली असतात.

भारतातला तिचा पसारा किती, याचा नीट अंदाज अलीकडेच आला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला यांनी वाघांच्या गणनेसाठी जंगलोजंगली मांडलेल्या नमुना-जागांमधली वनस्पतींची माहिती एकत्र केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी १,५४,००० चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र घाणेरीने व्यापलं आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे त्याच्या निम्मं. आणखी जिथे ती पसरू शकेल असं क्षेत्र धरलं तर आकडा तीन लाखांच्या घरात जातो. हवामान तापत चाललं तसं जिथे पूर्वी थंडी तिला अडवायची अशा भागांतही ती तग धरू लागली आहे, असंही या अभ्यासात दिसलं. सह्याद्री, सातपुडा, शिवालिकचा पायथा, मध्य भारत, निलगिरी असा कुठलाच पट्टा तिच्या तावडीतून सुटलेला नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांची जी यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, तीत ती आहे.

एवढं तिला जमलं कसं?

घाणेरीला ऊन लागतं. दाट, उंच, अखंड छत असलेल्या जंगलात ती फारशी शिरत नाही; शिरली तरी किडकिडीत राहते. पण झाडं तोडली, रस्ता काढला, गुरांनी चरून जमीन उघडी पाडली किंवा वणव्याने छत विरळ केलं, की तिची संधी आली. रस्त्याच्या कडेने, ओढ्याच्या काठाने आणि उजाड माळाच्या बाजूने ती आत सरकते. एका झुडपाला वर्षाला हजारो फळं धरतात. पानं कुजताना आणि मुळांतून जी रसायनं मातीत उतरतात त्यांनी आजूबाजूच्या कित्येक रोपांची उगवण मंदावते. छाटली तर बुंध्याशी डझनभर कोंब फुटतात, फांदी ओल्या जमिनीला टेकली तर तिथे मूळ धरते. शेजारी झाड असेल तर त्याच्या आधाराने ती वेलीसारखी चढते, आणि मोकळ्यावर माणसाच्या डोक्यावरून जाईल अशी चौकोनी काटेरी फांद्यांची जाळी विणते. त्या जाळीखाली दुपारीही अंधार असतो. गवत तिथे उगवत नाही.

आणि गवत गेलं की आगीचं गणितच बदलतं. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांमधली सोलिगांची कहाणी त्यासाठी मुळातून ऐकण्यासारखी आहे.

सोलिगा हे या टेकड्यांवरचे मूळ रहिवासी. मध, आवळा, कंद, थोडी शेती यांवर जगणारे. थंडी ओसरताना, रान पुरतं वाळण्याआधी ते जमिनीवरच्या पाचोळ्याला आग लावत. कन्नडमध्ये तिला 'तरगु बेंकी' म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. ही आग गुडघ्याएवढीही नसते. पाला जळतो, मोठ्या झाडाला धक्का लागत नाही, आणि पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं. १९७४ साली ही टेकडी अभयारण्य झाली. आग लावणं गुन्हा ठरलं. आग हा जंगलाचा शत्रू, ही वनखात्यातली शिकवण इंग्रजांच्या काळापासूनची. ती सागाच्या रोपवनांत बरोबर असेलही. सोलिगांचे जाणते लोक सांगतात, की घाणेरी रानात आधीही होती, पण तुरळक. आग बंद झाली आणि ती माजली, कारण दरवर्षीच्या हलक्या आगीत तिची कोवळी रोपं मरून जायची.

हे नुसतं म्हाताऱ्यांचं म्हणणं म्हणून सोडून देता आलं असतं. पण अंकिला हिरेमठ आणि भरत सुंदरम या पर्यावरण-अभ्यासकांनी ते गंभीरपणे घेतलं आणि जंगलातल्या ठरावीक जागा पुन्हा तपासल्या. १९९७ साली ४१ टक्के जागांवर घाणेरी होती. २००८ साली ८१ टक्के जागांवर. अकरा वर्षांत दुप्पट. दरम्यान घाणेरी इतकी दाट झाली होती, की आता आग लागली तर ती पाचोळ्यापुरती राहत नाही. वाळलेल्या जाळीवरून ज्वाळा थेट झाडाच्या फांद्यांपर्यंत चढतात, मोठी झाडं होरपळतात, छत विरळ होतं, आणि पावसाळ्यात सगळ्यांत आधी फुटते ती बुंध्यातून घाणेरीच. तेव्हा आग बंद करून घाणेरी वाढली आणि आता आग सुरू केली तर घाणेरीच जिंकते, असा हा पेच. २०११ साली, बिळिगिरी व्याघ्र प्रकल्प झाल्यावर काही महिन्यांतच, सोलिगांच्या ग्रामसभांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. तोवर ज्या जंगलात त्यांचे आजोबा आग लावत होते, ते जंगल राहिलं नव्हतं.

गुराख्याला या सगळ्या चर्चेपेक्षा एक गोष्ट पक्की ठाऊक असते: घाणेरी खाल्लेलं जनावर वाचणं कठीण. एरवी गाय-म्हैस तिच्या वासानेच तोंड फिरवते. पण दुष्काळात, उन्हाळ्याच्या शेवटी, किंवा बाहेरून विकत आणलेलं नवखं जनावर भुकेपोटी तिच्यावर तुटून पडतं. पानांतली लँटाडीन नावाची द्रव्यं यकृतात पित्ताची वाट अडवतात. जनावराचा कोठा बंद पडतो, खाणं सुटतं, डोळे पिवळे होतात. त्यातून पुढे जे होतं ते पाहवत नाही. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक पदार्थ एरवी पित्तावाटे निघून जातो. पित्त अडल्यावर तो रक्तात साठतो आणि कातडीपर्यंत पोहोचतो. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, तडकते, सोलून निघते. नाकपुडी, कान, आचळ, जिथे केस विरळ आणि रंग पांढरा तिथे आधी. जनावर सावली शोधत उभं राहतं. पशुवैद्य पोटातलं विष शोषून घ्यायला कोळशाची भुकटी पाजतात, सलाइन लावतात; पण ते वेळेत झालं तर. आधी काय करायचं, तर जनावर अंधाऱ्या गोठ्यात बांधायचं. हे साधं ज्ञान अनेक वाड्यांवर असतं आणि त्याने कितीतरी गाई वाचतात.

माणसांची पोरं मात्र पिकलेली काळी फळं खुशाल खातात, फुलाची नळी काढून तिच्यातला मध चोखतात. खेड्यात वाढलेल्या पिढीला त्यात घाणेरीविषयी एक लळाही असतो. कच्ची हिरवी फळं मात्र विषारी, आणि मुलांना ती खाल्ल्याने त्रास झाल्याची उदाहरणं आहेत.

जंगली जनावरांचं काय होतं, याचं उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ असल्यासारखं सांगणाऱ्यांपासून जरा जपून असावं. गवत खाणाऱ्यांचं नुकसान उघड आहे. चितळ, सांबर, गवा, हत्ती यांचं ताट घाणेरी हिसकावते. हत्तींच्या वाटा जाळ्यांनी अडल्या की ते शेतांच्या बाजूने वळतात. पायवाटेच्या दोन्ही अंगांना डोक्याएवढी जाळी असेल तर लाकडं आणायला गेलेल्या बाईला पाच पावलांवरचं अस्वल दिसत नाही आणि अस्वलालाही ती दिसत नाही. दुसऱ्या बाजूला ससे, रानडुकरं, मोर आणि खुद्द वाघ-बिबटे याच जाळीत आडोसा घेतात. मलै महादेश्वर टेकड्यांमधल्या पक्ष्यांच्या अभ्यासात घाणेरी वाढली तशी पक्ष्यांची मंडळी बदलत गेलेली दिसली. फळं खाणारे बुलबुल मजेत राहतात, झाडाच्या छतात आणि सालींत किडे टिपणाऱ्यांची पंचाईत होते. मुदुमलाईच्या कोरड्या जंगलात जाळीखाली उगवणाऱ्या झाडांच्या रोपांची पाहणी झाली, तेव्हा सगळ्याच जातींना सारखा फटका बसत नाही, काहींना बसतो आणि काहींना नाही, असंही आढळलं.

फुलपाखरांच्या बाबतीत तर हमखास फसगत होते. पावसाळा संपताना घाणेरीच्या ताटव्यावर महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन येतं, कॉमन जेझेबेल येतं, ब्लू टायगरचे थवे येतात. छायाचित्रकार खूष, फुलपाखरू उद्यानवाले खूष. पण फुलपाखराचं पोट मधावर भरत असलं तरी त्याची अळी पानांवर वाढते, आणि ब्लू मॉर्मनच्या अळीला लिंबाच्या कुळातली झाडं लागतात. घाणेरीच्या पानावर ती जगत नाही. अळीची झाडं रानातून हटली तर मधाचं हॉटेल उघडून काय उपयोग?

पूर्व आफ्रिकेत आणखी एक भानगड झाली. तिथल्या घाणेरीच्या दाट सावलीत त्सेत्से माशीला आसरा मिळाला, आणि ही माशी माणसांत निद्रारोग पसरवते.

घाणेरीविरुद्धची लढाई शंभराहून जास्त वर्षांची आहे आणि तिचा इतिहास काहीसा केविलवाणा आहे. १९०२ साली हवाईतून आल्बर्ट कोबेल हे कीटकतज्ज्ञ मेक्सिकोत गेले, तिथे घाणेरी खाणारे किडे हुडकले आणि तेवीस जातींचे किडे बेटांवर पाठवून दिले. मुद्दाम शोधून आणलेल्या शत्रूकडून तण आटोक्यात ठेवण्याचा हा जगातला पहिला प्रयोग मानतात. भारतात रामचंद्र राव यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात भारत-ब्रह्मदेशातल्या घाणेरीवर जगणारे सुमारे दीडशे किडे गोळा केले. तिला आवरेल असा एकही त्यात निघाला नाही. मग १९२१ साली हवाईतून फळांतलं बी खाणारी एक माशी आणली गेली. ती रुजली, आजही आहे, आणि घाणेरीला तिचं सोयरसुतक नाही.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातून पानांतला रस शोषणारा, जाळीदार पंखांचा एक किडा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत आला. बंदिस्त जागेत चाचण्या झाल्या, तेव्हा तो सागाच्या फुलांवरही बसतो असं दिसलं. साग त्या काळी घाणेरीच्याच कुळात मोजला जाई, आणि सागाला धोका म्हणजे खात्याच्या तिजोरीला धोका. किडे मारून टाकण्यात आले. दहा वर्षांनी तोच किडा संस्थेबाहेर घाणेरीवर आरामात बागडताना सापडला. कधीतरी एखाद-दोन निसटले असावेत. सागाचं त्याने काही बिघडवलं नाही. घाणेरीचंही नाही.

हे किडे हरतात त्याचं एक मोठं कारण वर आलेल्या बागेतल्या खिचडीत आहे. किडा खाण्याच्या बाबतीत भलता चोखंदळ असतो. मेक्सिकोतल्या एका जातीवर पोसलेल्या किड्याला इथला संकर वेगळाच लागतो; एका रंगाच्या फुलाची घाणेरी तो खाईल, शेजारची सोडून देईल. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात कोरड्या रानात ती पानं गाळून बसते, तेव्हा किडे उपाशी मरतात आणि पावसात तिला पुन्हा मोकळं मैदान मिळतं. गाजर गवतावर मेक्सिकोचा भुंगेरा निदान काही भागांत बरं काम करतो. घाणेरीच्या नशिबी, किंवा आपल्या नशिबी, तसा किडा आलेला नाही.

राहता राहिले कोयता आणि कुदळ. पण नुसतं कापणं म्हणजे तिला खत घालण्यासारखं. मुळासकट खणून काढायची तर माती उसकटते, आणि उसकटलेल्या मातीत तिचंच बी आधी उगवतं. दिल्ली विद्यापीठाचे सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात यावर एक तोड काढली. खोड जिथे संपतं आणि मूळ जिथे सुरू होतं त्या सांध्यात, जमिनीला लागूनच, नवे फुटवे फोडणारे डोळे असतात. त्याच्या खालच्या मुळाला डोळे नसतात. म्हणून जमिनीखाली तीन-चार बोटांवर मुख्य मूळ तोडायचं, खालचं मूळ तसंच कुजू द्यायचं, आणि वरचं झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. मूळ मातीला टेकत नाही, त्यामुळे झुडूप पुन्हा रुजत नाही. उन्हात वाळून जातं. औषध नाही, यंत्र नाही, माती फारशी हलत नाही. दोन माणसं हाताशी असली की काम भराभर होतं. फळं धरण्याआधी ते उरकायचं, एवढं पथ्य.

मध्यंतरी दक्षिणेत एक वेगळाच उद्योग उभा राहिला. मलै महादेश्वर टेकड्यांतले सोलिगा पूर्वी बांबूच्या टोपल्या विणत. बांबू मिळेनासा झाला, घाणेरी फुकट आणि अमाप. बंगळूरच्या 'अत्री' या संशोधन संस्थेच्या मदतीने त्यांनी ती वापरायला घेतली. ताज्या काठ्या मोठ्या पिंपात उकळायच्या, साल सोलायची, गरम असतानाच वाकवायच्या. सालीखालची काठी वेतासारखी वळते आणि तिला वाळवी सहसा लागत नाही. खुर्च्या, टोपल्या, शेल्फं तयार झाली. पुढे निलगिरीत पणिय, बेट्टकुरुंब, काट्टुनायकन आणि सोलिगा कारागिरांनी याच काठ्यांतून पूर्ण आकाराचे हत्ती घडवले. प्रत्येक हत्ती त्या भागातल्या एखाद्या खऱ्या, ओळखीच्या हत्तीवरून बेतलेला. २०२१ साली हा कळप लंडनच्या बागांमध्ये उभा होता. २०२४ साली शंभर हत्ती अमेरिकेत गेले. देखणं काम आहे, आणि ज्या जमातींना जंगलातून मजुरीशिवाय काही मिळत नव्हतं त्यांच्या घरात त्याने पैसा आणला. त्याने जंगल मोकळं होईल, अशी आशा मात्र धरू नये. कारागिराला सरळ, बोटाएवढ्या जाडीच्या काठ्या लागतात. उरलेली जाळी आणि मूळ रानातच राहतं. शिवाय ज्याच्यावर चूल पेटते ते संपावं असं कुणाला वाटेल?

मूळ तोडल्यावरची गोष्ट यापेक्षा कमी चमकदार आणि जास्त महत्त्वाची आहे. उघडी पडलेली जमीन रिकामी राहत नाही. तिथे काय येणार, हे ठरवलं नाही तर घाणेरीच ठरवते, नाहीतर रानतुळस, तरोटा आणि गाजर गवत. मेळघाटात या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड अशी गावं जंगलाबाहेर वसवली गेली, तेव्हा गावठाणं आणि शेतं मोकळी झाली. नांगरलेली, उन्हाची, खताची जमीन: तणांसाठी आमंत्रणच. तिथे आणि अशा इतर ठिकाणी वनखात्याला शिकावं लागलं ते हे, की तण फुलोऱ्याआधी उपटायचं आणि त्याच हंगामात पवन्या, मारवेल, शेडा यांसारख्या स्थानिक गवतांना जागा द्यायची. गवताचं बी विकत मिळत नाही. ते शेजारच्या चांगल्या कुरणातून, पिकल्यावर आणि गळण्याआधीच्या थोड्या दिवसांत हाताने ओरबाडून गोळा करावं लागतं. त्यासाठी कुठलं गवत कुठलं, हे ओळखणारा माणूस लागतो, आणि तो बहुधा खात्यात नसतो. तो गावातला कोरकू गुराखी असतो.

एक पावसाळा झाला की काम संपलं असं होत नाही. मातीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. म्हणून कॉर्बेटच्या पद्धतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीच्या फेऱ्या आहेत, आणि त्या फेऱ्या सगळं रान धुंडाळत नाहीत. मजूर आधी ओढ्याच्या काठाला जातात, जिथे पुराने बी आणून टाकलेलं असतं, आणि मग पाखरं बसतील अशा एकट्या उंच झाडांखाली. वीतभर रोप बोटांनी सहज उपटून येतं. तेच दोन वर्षं राहू दिलं तर कुदळ लागते. हेक्टरी घाणेरी किती काढली, हा आकडा अहवालात मांडायला सोपा, आणि पैसाही त्याच आकड्यावर मंजूर होतो. तिसऱ्या वर्षी झाडांखालची रोपं वेचायला चार मजूर लावायचे, तर त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना सापडतोच असं नाही.

इकडे शहरांच्या कडेला, हमरस्त्यावरच्या रोपवाटिकांमध्ये पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या फुलांच्या बुटक्या घाणेरीच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. रस्त्यांच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या बागांत ती लावली जाते. पाणी कमी, फुलं भरपूर. विकणारा सांगतो, याला बी धरत नाही. त्यातल्या काही वाणांना बी धरत नाही हे खरं आहे. पण बी न धरणाऱ्या फुलातही परागकण असू शकतात, आणि ते रानातल्या घाणेरीपर्यंत नेणारे फुलकिडे आणि फुलपाखरं दुभाजकावरही येतातच.

घरी आणलेल्या कुंडीत फळं धरताना दिसली तर ती हिरवी असतानाच खुडावीत. ती काळी झाली की बुलबुल आधी येतो.